घरचा पाय

माझे वडील पायाळू होते. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी त्यांचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं आमच्याकडं मानतात. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूला बोलावतात, दुखणारा उंबरठ्यावर पालथा पडतो आणि पायाळू आपला उजवा पाय त्याच्या कमरेवर ठेवून दाबतो. उसण जाते म्हणतात. विजा कडाडायला लागल्या की मात्र त्याच पायाळूला कुणी आपल्या ओसरीवर उभं करत नाही, कारण वीज पायाळूवर पडते असंही म्हणतात. गरजेपुरता देव आणि एरवी अपशकुन, हे आमच्या लोकांना छान जमतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांचं बालपण रनाळ्यात गेलं. निंदणी-कापणीचे दिवस आले की सकाळपासून दारात माणसं कंबर धरून वाकून उभी असत. आबांना खेळातून ओढून आणायचे, पाय धुवायचे आणि कुणाच्या तरी पाठीवर ठेवायला लावायचे. आबा म्हणत, "मन्हा पायवर मन्हा सोडीसन सगळा गावना हक्क व्हता."

माझ्या आईच्या वडिलांना असंच एकदा खाटेवर घालून आणलं होतं. आई, म्हणजे आमची माय, तेव्हा परकर नेसणारी पोर, खाटेमागं रडत चालत आली होती. आबांनी पाय ठेवला, जोर दिला, आणि थोड्या वेळानं तिचे वडील उठून उभे राहिले. परत जाताना खाट रिकामी गेली. पुढं त्यांनी त्याच पोराला आपली मुलगी दिली. मायनं लग्नाआधी नवरा पाहिला नव्हता, त्याचा पाय पाहिला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात लोकांनी मायला वेडी ठरवलं. ती वेडी नव्हती. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

जर्मनची लढाई लागली तेव्हा गावागावातून माणसं द्यावीत असं वरून आलं. थोरल्या काकांच्या पदरात लेकरं होती, आबांना अजून काही नव्हतं. घरातल्या घरात ठरलं आणि आबा गेले. बंदूक त्यांच्या हाती कधी आलीच नाही. समुद्रापलीकडं, बसऱ्याकडं, जखमींना डोलीत घालून मागं आणायचं काम त्यांच्याकडं होतं. पुढं एकदा डोली आणताना त्यांच्याच पायाला लागलं, जखम नासली आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला. उजवा. तोच.

आबा परत आले त्या दिवसाची गोष्ट माय सांगायची. गाव वेशीवर जमलं होतं. लोकांनी आधी तोंड पाहिलंच नाही, सगळ्यांनी खाली पाहिलं. एक म्हातारा तर मोठ्यानं रडला. माय म्हणायची, तो तुझ्या बापासाठी रडला नाही, पायासाठी रडला. त्याच साली मानमोडीची साथ आली. रनाळ्यात दिवसाला किती तिरड्या उठल्या ते कुणी धरलं नाही. थोरल्या काकांची दोन लेकरं एका आठवड्यात गेली. पायाळूचा पाय गेला म्हणून गावावर हे आलं, असं कुणीतरी बोललं, आणि एकदा बोललं गेल्यावर ते सगळ्यांचंच झालं. ज्या गावानं माणूस पाठवला त्याच गावानं त्याला दोष दिला. आबांनी उत्तर दिलं नाही. उत्तर देणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. ती मला त्यांची थोरवी वाटायची. आता वाटत नाही.

पायाच्या बदल्यात सरकारनं त्यांना पहाडाच्या पायथ्याच्या खापर गावातल्या कोंडवाड्याची राखण दिली. पिकात शिरलेली चुकार गुरं आणून कोंडायची, मालक येईपर्यंत त्यांना चारा-पाणी करायचं, एवढंच काम. आमचं घर कोंडवाड्याला लागूनच होतं. मी तिथंच जन्मले. हंबरण्याशिवाय झोप येत नाही अशी सवय मला त्यामुळं लागली.

हाडं बसवण्याचं काम गुरांपासून सुरू झालं. कोंडवाड्यात आलेल्या एका वासराचा पाय मोडलेला होता. आबांनी तो ओढून सरळ केला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि उडदाच्या पिठाचा लेप देऊन बांधला. वासरू चालायला लागलं. मग बकऱ्या आल्या, मग माणसं. पाय कापल्यावर इस्पितळात आबा महिनोन् महिने पडून होते. तिथं मालीश करणारा एक म्हातारा होता, त्यानं त्यांना हाडामासाची ओळख करून दिली होती. आधी माणूस कसा चालत आला ते बघायचं, मग कसा बसतो ते बघायचं, हात सगळ्यात शेवटी लावायचा. आबा बाजाराच्या दिवशी कोंडवाड्यापुढच्या चिंचेखाली गोणपाट टाकून बसत. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचा मणका सरकलेला, कुणाची मान एकीकडंच राहिलेली. पहाडातली माणसं बाजाराला उतरत, तेव्हा आपलं दुखणंही बरोबर आणत. पहाडातल्या काठी गावची होळी झाली की पुढचे कितीतरी दिवस आमच्या अंगणात नाचून सुजलेले घोटे रांगेनं बसलेले असत. त्यांची बोली आबांना फारशी येत नसे. दुखलं की माणूस कोणत्या बोलीत ओरडतो त्यानं काही अडत नाही, असं ते म्हणत.

त्यांची एक युक्ती होती. पाठीवर हात फिरवता फिरवता ते सहज विचारत, "तुन्हा मामानं गाव कोनतं रे?" माणूस मामाचं गाव आठवायला लागला की त्याचं अंग सैल पडे आणि त्याच क्षणी आबा झटका देत. कट्ट असा आवाज येई. गावाचं नाव अर्धं तोंडात, अर्धं किंकाळीत. ही युक्ती इतकी पसरली की पुढं पुढं मामाचं नाव काढलं की लोक अंग चोरायला लागले. मग आबा मावशीवर आले, मग आत्यावर. सगळे नातेवाईक संपत आले तेव्हा ते म्हणाले, आता व्याह्याविहिणीवर जावं लागणार.

पण तेवढ्यानं लोकांचं समाधान होत नसे. हा माणूस पायाळू आहे ही बातमी रनाळ्याहून खापरला आमच्या आधी पोचली होती. हातानं बरं झालेला माणूसही जाता जाता म्हणायचा, "बाबा, हात लावात ते ठीक. आते पाय बी लावा." उजवा नाही तर डावा चालेल, असंही म्हणत. आबांनी लढाईनंतर कुणाच्या अंगावर पाय ठेवला नाही. ते म्हणत, "पाय बसराले ऱ्हायना. जा, तठून लई ये." एका दुपारी त्यांचा डोळा लागला होता, लाकडी पाय काढून शेजारी ठेवला होता. एका म्हातारीनं तो उचलला आणि आपल्या कमरेवर घासत बसली. माझी हसून पुरेवाट झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. म्हातारी मात्र कंबर हलकी झाली म्हणत गेली.

मी पाचेक वर्षांची असताना माझी धाकटी बहीण जन्मली. सुईण बाहेर आली ती हसतच. "पाय पहिले उनात वं, पायाळू शे," म्हणाली. आबा अंगणात उभे होते. आतून मायचा आवाज आला. बाळंतिणीच्या आवाजात इतकं बळ कुठून आलं कोण जाणे. ती म्हणाली, "तुम्हना गयेल पाय घर परत उना!"

तिनं ते अक्षरशः मानलं. बसऱ्याला गेलेला पाय फिरून फिरून आपल्याच पोटी आला, असा तिचा हिशेब होता. धाकटीचे पाय ती दुधानं पुसायची. पोर उभी राहायला लागल्यावर शेजारणी तिला पाठीवर उभं करायला नेऊ लागल्या. आबा घरी असले की नाही म्हणत, नसले की माय पाठवी. तिचे इवलेसे पाय म्हणजे पाठीवर कोंबडीचं पिलू चालल्यासारखे, असं बाया सांगत. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून तर चाल टिकते.

मग माझी पाठ दुखायला लागली.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. संध्याकाळी अंग कणकण करायचं, जेवण जाईना, खाली पडलेली वस्तू उचलायची तर मी वाकत नसे, गुडघे मोडून बसून उचलत असे. पाठीच्या मधोमध मण्यासारखं काहीतरी वर आलं. माय अंघोळ घालताना तिच्या हाताला लागलं. तिनं आबांना बोलावलं. आबांनी मला उभं केलं, चालायला लावलं, बसायला लावलं. मी मनात म्हटलं, आता मामाचं गाव विचारणार. अंग सैल सोडून तयार राहिले. त्यांनी मानेपासून एक बोट खाली आणलं. त्या मण्याशी बोट थांबलं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

"हिना पाठले कोनी हात लावू नका," ते मायला म्हणाले. "हिले पडी ऱ्हाऊ द्या."

"काबरं?" मायनं विचारलं.

"नही म्हनजे नही."

बस. एवढंच. ज्या बाईनं त्या पोरीला पोटात वाढवलं तिला एवढंच उत्तर. त्या काळी नवऱ्यानं बायकोला कारण सांगायची पद्धत नव्हती, हे मला ठाऊक आहे. आबा इतर पुरुषांपेक्षा वाईट नव्हते, हेही ठाऊक आहे. तरी त्या तीन शब्दांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी खाटेवर पडून राहू लागले. बाजाराच्या दिवशी अंगणातून कट्ट कट्ट आवाज यायचे, माणसं वाकून येत आणि ताठ होऊन जात. मी खिडकीतून बघायची. परक्या पाठींना हात लावणारा माझा बाप माझ्या पाठीला का शिवत नाही, हे मला कळत नव्हतं. मला वाटे मी काहीतरी वाईट केलं असणार. पाणवठ्यावर बायका मायला ऐकवत. शेजारीण एकदा आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "गावन्या पाठी सोडस, अन् घरनी पोर वाकी चालनी. दिवाखाले अंधारं." त्या रात्री मायनं आबांना पुन्हा विचारलं आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस काठीच्या बाजूचं एक माणूस झाडावरून पडलं आणि त्याची मांडी मोडली. त्याला खाली आणण्यासारखी अवस्था नव्हती, म्हणून त्याचे लोक तट्टू घेऊन आबांना न्यायला आले. आबा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं मला न्हाऊ घातलं, उंबरठ्यावर गोधडी टाकली आणि मला तिच्यावर पालथं निजवलं. उंबरठा पोटाला टोचत होता. धाकटीचे पाय तिनं धुतले, हळद लावली, आणि तिला दोन्ही बगलांत धरून माझ्या पाठीवर उभी केली. आधी हलकंच. मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण मलाही बरं व्हायचं होतं. माझ्या आजोबांची रिकामी खाट मीही शंभरदा ऐकली होती.

"नाच बेटा," माय धाकटीला म्हणाली आणि तिच्या बगलांतले हात काढले. "अक्कानी पाठवर नाच. भिऊ नको."

धाकटी खुदकन हसली आणि नाचली.

आवाज झाला नाही. आबांच्या हातचा कट्ट तो नव्हेच. आतमध्ये काहीतरी भिजलेल्या मातीसारखं खचलं. कमरेखाली गरम वाटलं आणि मग काहीच वाटेना. माय म्हणाली, "आते बरं व्हई जाई, देख. ऊठ." मी उठायला गेले. हात उठले, डोकं उठलं. पाय गोधडीवर दुसऱ्या कुणाचे तरी पडलेले होते.

आबा परतले तेव्हा घरात चूल पेटलेली नव्हती. त्यांनी मायकडं पाहिलं, उंबरठ्यावरच्या गोधडीकडं पाहिलं, धाकटीच्या हळदीच्या पायांकडं पाहिलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. माझ्यापाशी बसून ते म्हणाले, "आंगठा हालाव." मी डोळे मिटून जोर लावला. "हालाव, बेटा." मी पुन्हा जोर लावला. मला वाटलं हालला. त्यांचं तोंड बघितल्यावर कळलं हालला नाही.

मग आबा अंगणात जाऊन उभे राहिले आणि पहिल्यांदा बोलले. मायकडं पाठ करून, कोंडवाड्यातल्या गुरांना सांगावं तसं. बसऱ्याकडं त्यांच्या तुकडीत तापीकाठचा एक पोरगा होता. खेचरासकट काठावरून खाली कोसळला. पाय हलवत होता, पाणी मागत होता. घाई होती, गोळे पडत होते. आबांनी बगलेत धरलं, दुसऱ्यानं गुडघ्यांत, आणि उचलून डोलीत टाकलं. मध्ये तो वाकला. वाकला आणि त्याचे पाय थांबले. वाटभर तो विचारत होता, माझे पाय कुठं राहिले, आणि आबा सांगत होते, येतात मागून, बरं होतं सगळं. तो चार दिवसांनी मेला. पुढं इस्पितळात आबांच्या शेजारच्या खाटेवर एक शिपाई होता, त्याच्या पाठीवर माझ्यासारखाच मणी आलेला. हाड आतून किडतं, डॉक्टर म्हणाला होता. त्याला फळीवर निजवलं होतं आणि कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद होती.

"त्याले मी मोडा," आबा म्हणाले. "जित्ता व्हता तो. मी उचला अन् मोडा. म्हनीसन मी हिले हात लावत नव्हतू."

माय दारात उभी होती. तिचा आवाज इतका हळू आला की मला खाटेवरून जेमतेम ऐकू आला.

"हाई आते सांगी ऱ्हायनात तुम्ही?"

माझ्या घरातलं सगळ्यात खरं वाक्य ते होतं, असं मी आजही म्हणते. हेच आठ दिवस आधी बोलले असते तर मायनं मला जीव गेला तरी त्या उंबरठ्यावर निजवलं नसतं. पण स्वतःची चूक बायकोला सांगायची म्हणजे त्यांना पाय कापण्यापेक्षा अवघड होतं. आणि चूक झाल्यावर राग मात्र लगेच आला. त्या दिवसापासून आबांनी मायच्या हातचं पाणी घेतलं नाही.

कोंडवाड्याच्या फाटकाची एक रुंद फळी त्यांनी उतरवली आणि तिच्यावर मला निजवलं. नदीची वाळू भरलेल्या पिशव्या दोन्ही बाजूंना लावल्या, म्हणजे मी कुशीवर वळू नये. एक पावसाळा संपला, दुसरा येऊन गेला, तरी मी फळीवर होते. पाठीला जखमा झाल्या, त्या बऱ्या झाल्या, पुन्हा झाल्या. आबांनी पाटीवर अक्षरं काढून मला वाचायला शिकवलं, कारण वर बघत पडून राहणाऱ्या माणसाला दुसरं काय करता येतं. माय माझ्या पायथ्याशी बसायची. काम संपलं की येऊन बसायची आणि माझ्या अंगठ्यांकडं बघत राहायची. ती देवाला गेली नाही, भगताकडं गेली नाही, कुणाचं काही ऐकेनाशी झाली. बायका पाणवठ्यावर आता उलटं बोलत, की नवऱ्यानं बजावलं असताना ऐकलं नाही. आदल्या वर्षी त्याच बायकांनी तिला दिव्याखालचा अंधार दाखवला होता.

घरात त्या दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाले. "तुन्हा बापले सांग, तेल सरनं." "तुन्ही मायले सांग, उद्या आनसू." भाकरी मायच थापायची, पण ताट धाकटीनं नेऊन ठेवायचं, पाण्याचा तांब्या आबा स्वतः भरून घ्यायचे. लाकडी पाय ठोकत माठापर्यंत जायचे. तो आवाज मायला ऐकू जावा असेच ते जात.

आणि धाकटी. ती एकदा माझ्या फळीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, तुन्हा पाय मी खाई टाका का वं?" तिला कुणी काही बोललं नव्हतं. मुलांना सांगावं लागत नाही. त्यानंतर ती खाली बघूनच चालायला लागली. निजलेल्या माणसाजवळून जाताना भिंतीला चिकटून जायची. चुकून मांजराला पाय लागला तरी वाकून त्याला नमस्कार करायची. कुणी उसण घेऊन दारात आलं की मागच्या दारानं पळून गोठ्यात लपायची.

अंगठा हालला तो मायनं पाहिला. उन्हाळा होता. मला काही कळलंच नाही, मी वाचत होते. माय एकदम ओरडली, "हालना! हालना वं!" आणि उठून धावत अंगणात गेली, आबांसमोर उभी राहिली. बोलायची सवय मोडली होती, त्यामुळं तिला शब्द सापडेना. नुसता स्वतःच्या पायाचा अंगठा वर करून दाखवत राहिली. आबा आत आले, त्यांनी अंगठा पाहिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याकडं पाहिलं नाही. मला वाटलं होतं आज ते तिच्याशी बोलतील. मी उभी राहिले, काठी घेऊन चालायला लागले, पाठीवर कुबड कायमचं राहिलं, तरी ते बोलले नाहीत.

मी लग्नाची नव्हतेच. मी आबांच्या हाताखाली राहिले. कामट्या तासायच्या, लेप कालवायचा, बायकांच्या पाठी मी बघायच्या. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कोणता मणका अडलाय हे मला दिसायला लागलं. धाकटीचं लग्न रनाळ्याकडं झालं. पाहुण्यांना ती पायाळू असल्याचं आम्ही सांगितलं नाही, तिनंच तशी शपथ घातली होती. पुढं दुसरी लढाई लागली. बाजारात भरतीवाले येऊन पोरं गोळा करू लागले. आबा त्या दिवशी चिंचेखाली बसत नसत, घरात कडी लावून बसत.

लढाई संपायला आली तेव्हा आबा थकले होते. इतकी वर्षं लाकडी पायावर एका अंगानं चालल्यामुळं त्यांची कंबर वाकडी झाली होती. एका सकाळी माठातून पाणी घेताना उसण भरली आणि ते तसेच खाली बसले. आम्ही त्यांना खाटेवर घातलं. मी हात लावून बघितला. उसण नव्हतीच, मणक्यातला सांधा झिजून बसला होता. तो माझ्या हातानं सुटणारा नव्हता. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

बातमी ऐकून धाकटी बैलगाडीनं आली. तिच्या कडेवर मूल होतं. ती खाटेपाशी न येता दारातच उभी राहिली. माय चुलीपाशी होती. आबांनी धाकटीकडं पाहिलं. मग मला म्हणाले, मला पालथं कर. मी म्हटलं, दुखेल. ते म्हणाले, कर.

"ये," ते धाकटीला म्हणाले. "मन्ही कंबरवर पाय ठेव."

ती पांढरीफटक पडली. "नही आबा. माले भ्याव वाटस."

"कसानं भ्याव? घरनाच पाय शे. ठेव."

चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

धाकटीनं मूल माझ्याकडं दिलं. भिंतीचा आधार घेऊन तिनं उजवा पाय उचलला. तिनं तो त्यांच्या कमरेवर टेकवला, टेकवला न टेकवला, आणि मोठ्यानं रडायला लागली. आबांनी दात आवळले ते फक्त मला दिसलं.

"गयी," ते म्हणाले. "उसण गयी."

आणि ते उठले. माझा आधार न घेता उठले, लाकडी पाय बांधला, उभे राहिले. धाकटी त्यांच्याकडं बघतच राहिली. चुलीकडं तोंड करून आबा म्हणाले, "पानी दे वं."

माय तांब्या घेऊन आली. अर्धं पाणी खाली सांडलं. उरलेलं ते प्याले. माय तांब्या घेऊन परत गेली आणि भाकरी थापायला लागली. भाकरी जळली, आम्ही सगळ्यांनी ती जळकी खाल्ली.

त्या दिवशी आबा आडवे झाले नाहीत. अंगणात फिरले, कोंडवाड्यात जाऊन आले, नातवाला कडेवर घेऊन चिंचेपर्यंत गेले. धाकटी ओट्यावर बसून त्यांचं चालणं बघत होती. मीही बघत होते. डावं पाऊल टाकताना ते श्वास धरत होते, कानामागून घाम उतरत होता. पाठी बघण्यात माझा जन्म गेला, मला फसवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. इतरांसाठी मात्र ते चांगले चालले. संध्याकाळी धाकटीची गाडी सुटली. ती ताठ मानेनं बसली होती, रस्त्याकडं बघत.

गाडी वळणाआड गेल्यावर आबांनी माझा खांदा धरला. मी त्यांना खाटेवर घातलं. त्यांनी तोंडात पागोट्याचं टोक कोंबलं, तरी आवाज बाहेर आलाच. श्वास परत आल्यावर ते म्हणाले, "तिले सांगू नको."

मी विचारलं, "कोनले? मायले का धाकटीले?"

त्यानंतर ते स्वतःहून उभे राहिले नाहीत. पुढचा पावसाळा यायच्या आत गेले. तोवर मायनं त्यांना दर वेळी आपल्या हातानं पाणी पाजलं. ती मला एकदा म्हणाली, तुझ्या बापाची उसण त्या दिवशी गेली नव्हती, मला माहीत आहे, चुलीपाशी बसूनही मला त्याचं चालणं ऐकू येतं. मग ती तांब्या भरायला उठली.